उलट्या पिळाची चुंबळ

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा मीठसुद्धा माणसाच्या डोक्यावर बसून घाट चढायचं. खाली समुद्रकाठी मीठ पिकायचं, वर घाटमाथ्यावर त्याची वाट बघत भाकऱ्या अळणी राहायच्या, आणि या दोघांच्या मध्ये एक उभी खिंड होती. त्या खिंडीच्या तोंडाशी चार घरांची एक वस्ती होती आणि त्या वस्तीत एक बाई राहत होती.

तिचं काम एवढंच, की घाट चढून आलेल्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला हात लावायचा आणि तो दम खाऊन निघाला की ते परत चढवायला हात लावायचा. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? मग मिठानं भरलेली पाटी एकदा एकट्यानं डोक्यावर घेऊन बघा. मांडीपर्यंत येते, फार तर छातीपर्यंत. त्याच्या पुढे दुसरं माणूस लागतंच, मग आपण कितीही पैलवान असू. जाणारा तिच्या ओट्यावर मूठभर मीठ ठेवून जाई, कुणी सुपारीचं खांड ठेवी. घरामागे नाचणीचा एक तुकडा होता. तिचं भागत होतं.

त्या खिंडीची एक रीत होती. ज्यानं ओझं उतरवलं, त्यानं वाटसरूला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, पाटीत काय आहे तेही नाही. जुन्या लोकांनी ही रीत का घातली, तर म्हणे धाप लागलेला माणूस खरं उत्तर देत नाही, लवकरचं उत्तर देतो. त्याला प्रश्न नको असतो, श्वास हवा असतो. म्हणून वस्तीतले लोक ओझं उतरवायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

ही बाई मात्र तिथंच बसायची. वाटसरूच्या समोर, जरा बाजूला, खिंडीतल्या देवीच्या दगडाला पाठ टेकून. विचारायची काही नाही, पण उठायचीही नाही. आणि गंमत अशी, की न विचारता कुणी समोर बसून राहिलं की माणूस आपणहून बोलायला लागतो.

काय काय सांगायचे लोक तिला! एकाचा बैल म्हातारा झाल्यापासून त्याच्याकडे बघायचा नाही म्हणे, मान फिरवायचा, आणि याला त्याचं फार लागलं होतं. एक आजी दर खेपेला सुनेची तीच तक्रार घेऊन यायची. दर खेपेला सून थोडी जास्त वाईट झालेली असायची. एक गडी इतक्या थापा मारायचा, की डोंगरानंही कानावर हात ठेवावेत. आणि एक जण तर आला, सावली हलेपर्यंत गप्प बसला, “बरं वाटलं” म्हणाला आणि निघून गेला. बाई सगळ्यांना “हं” म्हणायची. सल्ला द्यायची नाही. खरं सांगायचं तर कधीकधी तिला कंटाळाही यायचा, पण तो तिनं कुणाला दिसू दिला नाही.

तिच्या शेजारी एक ताकवाली होती. स्वभावानं चांगली, पण दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला घास गिळवायचा नाही.

“आक्का, काय मिळतं गं तुला?” ती म्हणायची. “माणसं आपला कचरा तुझ्या दारात टाकून जात्यात, आन् तू बसतीस झोळी पसरून.”

“मिळायचं काय त्यात. ऐकायचंच तर असतं,” बाई म्हणायची.

पण ते तेवढंच नव्हतं. तिला एक लेक होता. एकुलता एक. तो मिठागरावर काम करायला म्हणून घाट उतरून गेला होता आणि परत आला नव्हता. पिकं निघाली, परत पेरली, परत निघाली. किती वेळा, ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं.

हा लेक बोलायचा, पण उशिरानं. “भूक लागली का रे?” असं विचारलं, तर उत्तर कधीकधी जेवण झाल्यावर यायचं. लोक हसायचे. आई थांबायची. तिला ठाऊक होतं की त्याचा शब्द खोल विहिरीतल्या बादलीसारखा आहे, दोर ओढत राहावं लागतं. निघायच्या दिवशी तिनं आपल्या हिरव्या काठाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला आणि त्याची चुंबळ वळून दिली. डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची ती कापडाची गोल वळी. बाई डावखुरी होती, म्हणून तिच्या चुंबळीचा पीळ जगाच्या उलटा पडायचा. ती चुंबळ त्याच्या हातात देताना तिनं विचारलं, “येशील ना रे परत?”

तो नेहमीसारखा उत्तर गोळा करत उभा राहिला. तेवढ्यात खाली जाणाऱ्या मिठवाल्यांनी हाक मारली आणि तो गेला. उत्तर राहूनच गेलं. त्या दिवसापासून ती त्या उत्तराची वाट बघत होती. भांडी घासताना हात थांबायचे, वाटेवर काठी वाजली की मान वळायची. संध्याकाळी खालच्या बाजूला दूरवर समुद्राची रेघ चकाकायची, तेव्हा तर तिला घरात जाववायचं नाही.

वस्तीतल्या बायका देवीला नवस बोलायच्या, की माझा माणूस परत आण. बाईही एकदा देवीपुढे उभी राहिली होती. पण तिच्या मनात आलं, सगळ्यांचीच माणसं बाहेर आहेत, ही तरी कुणाकुणाला वळवून आणणार? मग ती म्हणाली, “आई, माझा लेक उशिरानं बोलतो. परक्या मुलखात त्याच्या शब्दाची वाट कोण बघणार? इथं जो येईल त्याचं मी काही न विचारता ऐकते. तिथं त्याच्यापुढं तू कुणाला तरी बसव.”

देवी काही बोलली नाही. ती बोलत नसतेच. पण बाईनं आपला शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती.

असंच एके दिवशी भर दुपारी एक माणूस घाट चढून आला. रापलेला, अंगावर मिठाचे पांढरे डाग, डोक्यावर मिठाची पाटी. खालच्या बाजूचा होता, बोलण्यावरून कळत होतं.

“गो बाय, जरा हात लाव,” तो म्हणाला.

बाईनं हात लावला. पाटी खाली आली. माणसानं डोक्यावरची चुंबळ काढली, घाम पुसला आणि ती चुंबळ मांडीवर ठेवली.

हिरवा काठ. उलटा पीळ.

 बाई देवीच्या दगडाला धरून खाली बसली. तिच्या हातची चुंबळ तिला अंधारातही ओळखू आली असती, मग इथं तर ऊन होतं. ही याच्याकडे कशी? लेकानं दिली? विकली? की तो चुंबळ देण्याघेण्याच्या पलीकडे गेला? एक प्रश्न विचारला की कळणार होतं. पण रीत मोडायची, म्हणजे देवीला दिलेला शब्दच मोडायचा.

ती नेहमीच्या जागी, जरा बाजूला बसून राहिली.

ताकवालीनं मात्र चुंबळ बघितली होती. ती कशी गप्प बसणार? मडकं तिथंच ठेवून ती तरातरा आली. “काय रं दादा, ही चुंबळ कुठनं आणलीस?”

माणूस दचकला. अजून धाप चालूच होती. “बाजारातनं,” तो पटकन म्हणाला.

“कुठल्या बाजारातनं? आसला पीळ कुठल्याच बाजारात न्हाई मिळत.”

“घेतली कुठनं तरी. तुला काय करायचंय?” माणूस उठलाच. पाणीही प्यायला नाही. पाटीला हात घालून म्हणाला, “बाय, चढव गो. निघतो मी.”

ताकवालीनं बाईचा दंड धरला आणि तिला बाजूला ओढलं. “आक्का, खोटं बोलतोय त्यो. हात लावू नगंस. एकट्यानं उचलवणार न्हाई त्याला. खरं सांगितल्याबिगर कसा जातोय ते बघूया.”

आणि खरंच, त्याला जाता आलं नसतं. वस्तीतली माणसं रानात गेलेली. खिंडीत तिघंच. पाटी जमिनीवर आणि ती उचलायला बाईचाच हात. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते उत्तर तिच्या दारात अडकून पडलं होतं. हात मागे घेतला की झालं.

बाई पाटीकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं, बसवावं याला उन्हात. असं तिला वाटलं खरं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. ती आई होती. पण मग तिला तिचा लेक आठवला, परक्या मुलखात कुणाच्या तरी दारात ओझं उतरवून उभा असलेला. त्याला कुणी असं अडवलं तर? तोंडावर प्रश्न मारला आणि उत्तर यायला उशीर झाला म्हणून हात आखडला तर?

ती पुढे झाली. माणसानं घाईघाईत डोक्यावर वाकडीतिकडी ठेवलेली चुंबळ तिनं स्वतःच्या हातानं सरळ केली. काठावरून एकदा बोट फिरलं, तेवढंच. मग पाटीला हात लावून तिनं ती चुंबळीवर नीट बसवली.

“जपून जा. पुढं उंबराच्या वळणावर दगड निसटते आहेत,” ती म्हणाली.

माणूस चालू लागला. ताकवालीनं कपाळावर हात मारला. बाई देवीच्या दगडाला टेकून बसली आणि डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं, गेलं उत्तर. आता परत येत नाही.

माणूस उंबराच्या वळणापर्यंत गेला. तिथं थांबला. बराच वेळ त्याची पाठ दिसत होती. मग तो वळला आणि पाटीसकट परत आला.

“बाय,” तो म्हणाला, “परत उतरव.”

तिनं उतरवली. तो तिच्यासमोर बसला. पाणी प्यायला. ताकवालीनं तोंड उघडलं होतं, पण बाईनं तिच्याकडे असं बघितलं, की तिनं ते ताबडतोब मिटलं. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

“मी खोटं बोललो,” माणूस म्हणाला. “ही चोरलेली हाय.”

“हं.”

“तिनं विचारलं तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. तू नाय विचारलंस. पण काठावर हात फिरवताना तुझं बोट रेंगाळलं, मला डोक्यावर समजलं ते. तरी तू पाटी चढवलीस. ती पाटी नेववेना मला.”

 तो थांबत थांबत सांगू लागला. त्याची छोटी मुलगी तापात गेली होती. घरात कुणी तिचं नाव काढू देईना. देवाची इच्छा म्हणायचे आणि विषय मिटवायचे. म्हणून तो घर सोडून मिठागरावर कामाला आला. तिथं घाटावरचा एक माणूस होता. मिठाच्या राशीवरून पडून त्याचा पाय मोडला होता, तो वाकडाच जुळला. त्याला ओझं घेता यायचं नाही, घाट चढणं तर लांबच. बसल्या बसल्या मीठ ओढायचा. संध्याकाळी मिठागरावरची माणसं त्याच्याजवळ जाऊन बसायची आणि आपलं सांगायची. तो ऐकायचा.

“माझ्या पोरीचं सगळं सांगितलं मी त्याला,” माणूस म्हणाला. “ती दुडदुडत कशी यायची, तेसुद्धा. त्यानं एकदाही मला गप्प नाय केलं. आणि मी काय केलं? ही चुंबळ तो उशाला घेऊन झोपायचा. डोक्यावर कधी ठेवली नाय, कुणाला हात लावू दिला नाय. मला वाटलं, आत सोनं वळलेलं असणार. घेऊन पळालो. वाटेत चाचपून बघितली. नुसतं कापड.” त्यानं मान खाली घातली. “ज्यानं माझं ऐकलं त्याचं उसं चोरलं मी. झालं, एवढंच. आता तू विचार. विचारशील ते खरं सांगीन.”

ताकवाली पदराचं टोक दातात धरून उभी होती. बाईच्या ओठांवर किती प्रश्न होते! खातो का, दुखतं का, कुठलं मिठागर. पण तिनं विचारलं ते वेगळंच.

“तुम्ही सगळे त्याला सांगायचात. त्याचं कुणी ऐकायचं का?”

 “नाय गो,” तो हळूच म्हणाला. “त्याला एकदा विचारलेलं, तुझं काय रे म्हणून. तो काय बोलला नाय. मग परत मीच सुरू केलं.”

“बोलला असता,” बाई म्हणाली. “उशिरानं बोलतो तो. थांबायचं असतं.”

माणसानं मान वर केली. त्यानं चुंबळीच्या काठाकडे बघितलं, बाईच्या अंगावरच्या तसल्याच हिरव्या काठाकडे बघितलं, आणि त्याच्या सगळं लक्षात आलं. त्यानं दोन्ही हातांनी चुंबळ तिच्या पुढ्यात ठेवली.

बाई उठून देवीकडे तोंड करून उभी राहिली. तिला आनंद झाला होता, लेक जिवंत होता. आणि तिला राग आला होता. “मी इथं एवढ्या माणसांचं ऐकलं,” ती देवीला म्हणाली. “आजीचं सुनेबद्दलचंसुद्धा ऐकलं. आणि तुला त्याच्यापुढं एक माणूस बसवता आला नाही?”

देवी नेहमीसारखीच गप्प होती. पण बाई बोलून थांबली आणि तिच्या मनात लख्ख उजाडलं. आजवर लेक कुठं आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. आता वाट ठाऊक असलेला माणूस इथं खिंडीत बसला होता, आणि तिनं ऐकलं म्हणूनच तो तिथं बसला होता. देवीनं लेकापुढं बसवायला माणूस शोधला होता. तो माणूस तीच होती.

“चल,” ती त्या माणसाला म्हणाली. “वाट दाखव.”

“मीठ?”

“राहू दे इथं. वर जाणारा कुणी नेईल, तिथं भाकऱ्या अळणीच आहेत.”

तिनं दोन भाकऱ्या बांधून घेतल्या, चुंबळ कनवटीला खोचली आणि निघाली. ताकवाली तिच्या मागे मागे खिंडीच्या तोंडापर्यंत आली. “आक्का, इथं कोण हात लावायचं?”

“तू.”

“मी?” ताकवाली घाबरलीच. “आन् तोंड?”

“ते मिटून ठेवायचं.”

ताकवालीनं पदर खोचला. मग म्हणाली, “ठेवीन. पर तू आलीस की मला सांग. तुझं. एवढ्या वर्सांत मी तुला लई विचारलं गं, बसले कधी न्हाई. आता बसंन.”

 बाईनं ताकवालीचा हात दाबला आणि ती घाट उतरायला लागली.

ते मिठागरावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पाण्याच्या चौकटी लाल झाल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक माणूस बसून मीठ ओढत होता. त्याच्या केसांत आता मिठासारखं पांढरं दिसत होतं. त्यानं वर बघितलं. आईला बघितलं. त्याचा हात थांबला.

वाट दाखवायला आलेला माणूस पुढे जाऊन त्याच्या पाया पडला आणि बाजूला झाला. बाई लेकाच्या समोर, जरा बाजूला बसली. चुंबळ तिनं त्याच्या मांडीवर ठेवली. पायाचं विचारलं नाही, का आला नाहीस हेही विचारलं नाही. नेहमीप्रमाणे संध्याकाळी आपलं सांगायला दोघंतिघं आले होते, त्यांना वाट दाखवणाऱ्या माणसानं हातानंच परत पाठवलं. आज नाही, आज त्याची पाळी.

लेक चुंबळीचा पीळ बोटांनी चाचपत बसला. ऊन पाण्यावरून सरकत गेलं. भरती चढायला लागली. आई दोर ओढत राहावं तशी शांत बसून होती. तिला सवय होती.

शेवटी त्याचे ओठ हलले.

“यायचं होतं गं आई,” तो म्हणाला.

निघायच्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. बाईचे डोळे भरून आले, पण त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं, हे तिला कळत होतं.

“हं,” ती म्हणाली, आणि ऐकत राहिली.

तात्पर्य: दारात आलेल्या परक्याला प्रश्नांनी अडवू नये, त्याचं ओझं उतरवावं आणि समोर बसून राहावं. त्याच्या बोलण्यातून आपल्या माणसाकडे जाणारी वाट निघेलच असं नाही. पण निघेल असं मानून ऐकत राहणं, यालाच भक्ती म्हणतात.